बर्फ आणि आजीची बाटली

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळं घरातली कुठलीही वस्तू बिघडली की सगळे माझ्याकडं बघतात. टीव्हीचा आवाज गेला, मीटर जास्त पळायला लागलं, आईच्या मोबाईलमध्ये गाणी येईनाशी झाली, सगळ्याला उत्तर एकच: पोरगी येऊ दे जालन्याहून. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्रीज दुरुस्ती आमच्या अभ्यासक्रमात नाही, हे घरी कितीदा सांगितलं, पण ते कुणाला पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते फार ठासून सांगता येत नाही. एवढी फी भरून, वसतिगृहात राहून पोरीला फ्रीजमधलं कळत नाही, असं आईला वाटलं तर काय, ही भीती असतेच.

आमचं गाव अंकुशनगरच्या जवळ. अण्णा, म्हणजे माझे वडील, हंगामात साखर कारखान्यात कामाला असतात, बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम करतात. आमचा फ्रीज कारखान्याच्या कॉलनीतून आला. तिथले एक साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांनी बरंच सामान विकायला काढलं, त्यातला हा. लाल रंगाचा, एका दाराचा, वर आतल्या बाजूला बर्फाचा छोटा कप्पा असलेला. आला त्या दिवशी आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल असा उभा केला.

या फ्रीजमध्ये आमच्या स्वतःच्या वस्तू कमीच असतात. दूध, कोथिंबीर, उरलेलं वरण. सगळ्यात मोलाची वस्तू आमची नव्हतीच. ती समोरच्या घरातल्या आजीची होती, इन्सुलिनची बाटली.

आजी एकटी राहते. तिची लेक नगरकडं दिलेली आहे. आजीला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इंजेक्शन लागतं. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि हात थरथरतो, त्यामुळं ते आई देते. आई चौथीपर्यंत शिकलेली. उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिला एकदा शिकवलं, दुसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं, आणि तेव्हापासून आई सिरिंज उजेडाकडं धरून रेघा बघते, बोटानं टिचकी मारून बुडबुडा घालवते आणि आजीला बोलण्यात गुंतवून सुई टोचते. आजी रोज तेच म्हणते, "टोचलं का? मला वाटलं तू अजून बोलूनच राह्यली." बाटली आमच्याच फ्रीजमध्ये राहायची. गल्लीत दुसरा फ्रीज दुकानदाराचा, काचेच्या दाराचा. तो संध्याकाळी दुकान बंद करताना फ्रीजही बंद करतो.

मी हे इतकं सांगते, कारण फ्रीजमध्ये बर्फ साचायला लागला तेव्हा प्रश्न बर्फाचा नव्हता, या बाटलीचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मला पहिल्यांदा तो बर्फ दिसला. वरच्या कप्प्याचं तोंड निम्मं बुजलं होतं. बर्फ नुसता आत नव्हता, कप्प्याच्या बाहेर येऊन खालच्या ट्रेपर्यंत लोंबत होता. समोरची आजी त्याच वेळी इंजेक्शनसाठी आलेली होती. तिनं वाकून आत बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "अगं बाई, तुमच्यात तं अमरनाथचा महादेवच बसला. आता जत्रा भरवा."

आई हसली, पण तिला ते लागलं. फ्रीज पुसून चकचकीत ठेवणारी ती बाई. तिच्या फ्रीजला कुणी नाव ठेवलेलं तिला चालत नाही.

अण्णा आत जाऊन पेचकस घेऊन आले. बर्फाच्या कडेला त्याचं टोक लावून त्यांनी वरून तळहात मारायला हात उचलला, आणि मी एकदम म्हणाले, "अण्णा, नको."

मी त्यांना आजपर्यंत 'नको' म्हणालेले मला आठवत नाही.  ते थांबले.

"काहून?"

"त्या कप्प्याचा पत्रा पातळ असतो. त्याच्यातूनच गॅसच्या नळ्या जातात. भोक पडलं तर गॅस जाईल, मग काहीच उरणार नाही."

"कालेजात शिकवलं का हे?"

मी खोटं बोलले नाही. "नाही. मोबाईलवर बघितलं. पण बराबर आहे."

अण्णांनी पेचकस माझ्या हातात दिला आणि खाली पाट घेऊन बसले. "मंग कर तू."

मी आधी प्लग काढला. आजीची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली. आईनं फ्रीजवरचं कव्हर भिजू नये म्हणून काढून घडी करून खाटेवर ठेवलं. दार सताड उघडं ठेवलं, खाली परात लावली आणि वरच्या कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर ठेवून दिलं. नंतर नुसतं बसून राहायचं. हेच घरच्यांना जड गेलं. एखादं काम होतं आहे आणि आपण हात न लावता बसलो आहोत, हे आमच्याकडं कामात धरत नाहीत. अण्णा दर थोड्या वेळानं विचारायचे, "हलवून बघू का?" मी म्हणायचे, थांबा. शेवटी एक मोठा लादीसारखा तुकडा आपल्या आपण सुटून धप्पकन परातीत पडला. अण्णा तो तुकडा दोन्ही हातांत घेऊन समोर आजीला दाखवायला गेले.

परातीतलं पाणी आईनं तुळशीला आणि शेळीला घातलं. आत पुसून कोरडं केलं, फ्रीज लावला. मला वाटलं, झालं. मी जालन्याला परत गेले.

झालं नव्हतं. बर्फ पुन्हा साचला, आणि मी घरी नसताना जे झालं ते मला फोनवर अर्धवट कळलं, बाकीचं संक्रांतीला आल्यावर. बर्फाचा थर जाड झाला की थंडी खाली पोहोचत नाही. त्यामुळं दूध नासायला लागलं. दूध नासतं म्हणून अण्णांनी आतलं नंबराचं बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेलं. त्यानं बर्फ आणखी वाढला आणि वरच्या कप्प्याला लागून असलेली जागा फारच गार झाली. आई बाटली नेमकी तिथं, कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवायची. तिचा हिशेब साधा होता, जिथं जास्त गार तिथं औषध जास्त जपलं जाईल. एका सकाळी तिनं बाटली काढली तर आतलं औषध हलवून हलेना. आत दगड झाला होता.

वितळल्यावर त्यात कण कण दिसत होते. सिस्टर म्हणाली, गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरायचं नाही, टाकून द्या.

आजी आईला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आई मला म्हणाली. आजीनं नवी बाटली आणली ती स्वतःच्या घरी ठेवली. मोठ्या कुंड्यात वाळू, वाळूत गाडगं, वरून रोज पाणी, त्या गाडग्यात बाटली. इंजेक्शनला ती पूर्वीसारखीच सकाळ-संध्याकाळ यायची, पण आता बाटली पदराखाली ओल्या फडक्यात घेऊन यायची आणि टोचून झालं की तशीच परत घेऊन जायची.

"रोज माझ्यासमोर घेऊन येते आणि रोज घेऊन जाते," आई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

हिवाळ्यात गाडगं चाललं. पण आमच्याकडं उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही, तिथं बाटली काय टिकणार. होळी झाली की ऊन वाढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी फ्रीज नीट झाला पाहिजे आणि आजीला तो नीट झाल्याचं पटलं पाहिजे. मला दोन्हीची धास्ती होती. दुसऱ्याची जास्त.

संक्रांतीला मी पुन्हा सगळा बर्फ वितळवला. अण्णांनी अंबडहून एक फ्रीजवाला आणला होता. त्यानं आमच्यासमोर मशीनचा आवाज ऐकला, मागं हात लावून बघितलं, म्हणाला गॅस चांगला आहे. "दाराचं रबर गेलं असंल. बाहेरची हवा आत घुसते, हवेतला ओलावा आत जाऊन गोठतो. पण एवढ्या जुन्या मॉडेलचं रबर आता भेटत न्हाई. भंगारात देऊन टाका, दुसरा घ्या." माणूस सरळ होता. आमच्या चहाशिवाय त्यानं काही घेतलं नाही.

अण्णा म्हणाले, पुढच्या हंगामानंतर बघू. म्हणजे उन्हाळा असाच जाणार.

मी त्याचं बोलणं धरून रबराच्या मागं लागले. साबणाच्या कोमट पाण्यानं त्याच्या सगळ्या घड्या धुतल्या. घड्यांमध्ये साखर, पीठ, एक मेलेलं झुरळ, काय काय निघालं. मग कागदाची पट्टी घेऊन दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. सहज सुटून आली तर तिथं रबर ढिलं. मी चारी बाजूंनी, बोटाबोटावर पट्टी लावून बघितली. सगळीकडं घट्ट. वरच्या बाजूला तर पट्टी फाटली पण सुटली नाही. फ्रीजचे पुढचे पाय थोडे उचलून खाली फरशीचे तुकडे सरकवले, म्हणजे दार आपोआप मागं जाऊन बसेल. बटण मधल्या आकड्यावर आणलं. आईला सांगितलं, काही ठेवायचं तर दाराच्या कप्प्यात ठेव, वरच्या कप्प्याजवळ नको. मग आईनं कव्हर परत घातलं आणि मी बस पकडली.

तीन आठवडे झाले नसतील, आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, मी विचारल्याशिवायच हळूच म्हणाली, "आला गं पुन्हा."

त्या रात्री वसतिगृहात मी फार वेळ जागी होते, असं लिहिणार नाही, कारण मी झोपले. पण दुसऱ्या दिवशी तासाला सर पाण्याची वाफ, बर्फ आणि सुप्त उष्मा इंग्रजीतून शिकवत होते. मला इंग्रजीतलं एरवी अर्धंच कळतं. त्या दिवशी सगळं कळलं. बर्फ आकाशातून पडत नाही. जेवढा बर्फ आत दिसतो तेवढा ओलावा कुठून तरी आत गेलेला असतो. म्हणजे वाट आहे. मला ती दिसत नाही, एवढंच.

परीक्षा संपवून होळीच्या आधी घरी आले. बर्फ पूर्वीइतकाच. मी पुन्हा सगळं काढून तपासायच्या तयारीला लागले होते. आई कव्हराची घडी करत होती. आजी पदराखालून बाटली काढून खुर्चीवर बसत म्हणाली, "तुमचं फ्रीज शाळंतल्या पोरावाणी हाय. मास्तर समोर आले की हाताची घडी, तोंडावर बोट. मास्तर गेले की पुन्हा धिंगाणा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय, तू तपासती तवा ते शहाणं असतंय. तू एष्टीत बसली की बिघडतंय. तू परीक्षा घेती तीच न्हाई बराबर."

आईनं टोचलं. आजी म्हणाली, "टोचलं का?" आणि बाटली घेऊन निघून गेली.

तिनं ते चेष्टेत म्हटलं होतं. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना. मी आईला म्हटलं, "माय, कव्हर परत घाल. आज काही काढायचं नाही." आणि दोन दिवस मी फ्रीजला हातच लावला नाही. नुसती आई त्याला कसं वापरते ते बघत राहिले. आई एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्यात कणकेचा डबा घेऊन यायची, करंगळीनं दार उघडायची, वस्तू ठेवायची आणि वळता वळता कोपरानं दार लोटायची. दार बसायचं. आवाजही बराबर यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेतावर गेलेली असताना मी मोबाईलची बॅटरी लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली, आईसारखंच कोपरानं दार लोटलं, आणि खोलीची खिडकी, पुढचं दार लावून घेतलं. फटीला चादर लावली. खोलीत अंधार झाला. रबरात कुठं फट असेल तर उजेड बाहेर येईल, असं मनात होतं. खालची बाजू काळी. डावी, उजवी काळी. मग मी वर बघितलं.

फ्रीजच्या वरच्या कडेला उजेडाची नक्षी उमटली होती. छोटे छोटे ठिपके, मधे पानं, पुन्हा ठिपके, अशी एक ओळ. मला क्षणभर काही कळलंच नाही, इतकं ते सुंदर दिसत होतं. मग कळलं. ती आईच्या कव्हराची झालर होती. क्रोशाच्या जाळीतून उजेड येत होता, कारण झालर दारात अडकली होती.

ते कव्हर आईनं भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, विणलं होतं. आमच्याकडं महालक्ष्म्या फ्रीज असलेल्या त्याच खोलीत बसतात. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला येणार, मग फ्रीज उघडा कसा ठेवायचा, म्हणून तिनं पावसाळाभर दुपारी बसून पांढऱ्या दोऱ्याचं ते विणलं. दोन्ही बाजूंना खिसे, त्यात लाइट बिल, किल्ल्या, आजीच्या औषधाची चिठ्ठी. पुढच्या बाजूला पानांची झालर, दारावर चार-पाच बोटं लोंबणारी. बायकांनी तिची फार वाखाणणी केली. दोघींनी नमुना उतरवून नेला. आईच्या हातची एखादी वस्तू अशी मिरवायला पहिल्यांदाच मिळाली होती. दार उघडलं की ती झालर आत पडायची, आणि हात भरलेले असताना आई दार लोटायची तेव्हा झालर रबर आणि चौकटीच्या मधे जाऊन बसायची. फट एवढी बारीक की हाताला लागायची नाही. पण जाळीतून दिवसरात्र हवा आत जात होती. बर्फ महालक्ष्म्यांनंतरच सुरू झाला होता. आणि मी जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा तेव्हा आई, कव्हर भिजू नये म्हणून, ते आधी काढून ठेवायची.

खिडकी उघडून मी खाटेवर बसले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की सापडलं, आणि त्याच वेळी कुणालाच सांगू नये असंही वाटत होतं. आजीची बाटली गोठली त्याचं आईला केवढं लागलं होतं ते मी बघितलेलं. आता तिला कसं सांगायचं, की ते तू विणलेल्या झालरीमुळं? गुपचूप कव्हर काढून टाकावं, रबर ठीक झालं म्हणून सांगावं, असंही मनात आलं. पण मग ती एखाद्या सणाला ते पुन्हा घालणार.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, चहा घेतला. मी म्हटलं, "माय, जरा इथं बस. एक दाखवायचंय." सांगण्यापेक्षा दाखवणं मला सोपं वाटलं. मी पुन्हा बॅटरी आत ठेवली, दार लोटलं, खोली अंधारी केली.

आई बराच वेळ त्या उजेडाकडं बघत राहिली. "माझीच पानं हायत की," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा कौतुकच होतं.  अंधारात मला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

"माझ्याच हातानं व्हय गं."

"तुझ्या हातानं नाही. कुणालाच दिसत नव्हतं, माय. मलाही नाही. त्या फ्रीजवाल्यालाही नाही. तो आला तेव्हा कव्हर काढलेलंच होतं."

"उघड खिडकी."

मी उघडली. तिनं कव्हर काढून मांडीवर घेतलं. मला वाटलं ती ते पेटीत टाकणार. मी म्हणाले, "कात्रीनं नुसती झालर..."

"कातरीनं कशाला? कातरलं की सगळं निसटतंय." तिनं कव्हर उलटंपालटं करून कडेची एक गाठ शोधली, सुईनं सोडवली आणि दोरा ओढला. झालर सगळ्यात शेवटी विणलेली असते, त्यामुळं तीच आधी उसवते, हे मला त्या दिवशी कळलं. एकेक पान सरसर नाहीसं होत होतं आणि तिच्या बोटांवर दोऱ्याचा गुंडा वाढत होता. तिचा चेहरा मी चोरून बघत होते. रडेल असं वाटलं होतं. ती तर भाजी निवडताना बसते तशी बसली होती, जीभ थोडी दातांत धरून.

अण्णा कारखान्यातून आले. अंगाला मळीचा वास. दारातच थांबले. "हे काय करून राह्यली? एवढं विणलेलं उसवून राह्यली?"

आई मान वर न करता म्हणाली, "फ्रीज दुरुस्त करून राह्यले."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांनाही अंधार करून दाखवलं असतं, पण झालर आता उरली नव्हती. तोंडी सांगितलं. ते ऐकत गेले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजी रबर चांगलं हाय?"

"चांगलं आहे."

"आणि भंगारात द्यायचं न्हाई?"

"नाही."

त्यांनी फ्रीजच्या अंगावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून बर्फ वितळवला. या वेळी अण्णा 'हलवून बघू का' म्हणाले नाहीत. परातीशेजारी बसून त्यांनी मलाच विचारलं, गरम पाण्याचं पातेलं ठेवल्यावर बर्फ थोडाच वितळतो, मग पातेलं इतकं लवकर कसं गार होतं? मी वर्गात शिकलेलं मराठीत सांगायला लागले. मधे अडखळले, पुन्हा सुरू केलं. बर्फाचं पाणी व्हायला लागते ती सगळी उष्णता पातेल्यातून जाते, असं सांगितलं. अण्णा म्हणाले, "कारखान्यात आमच्या पॅनच्या टाकीत रस आटवताना असंच असतंय, वाफ करायलाच सगळा जाळ जातो." मग त्यांनी मला कारखान्यातलं सांगितलं आणि मी त्यांना पुस्तकातलं. बर्फ पडून गेला तरी आम्ही बोलतच होतो.

झालर नसलेलं कव्हर आईनं परत घातलं. पुढची कड आता वरच संपते. दारापर्यंत येत नाही.

आता आजी राहिली होती. आई तिला म्हणाली, "बाटली ठेवा आता. पोरीनं काढलं शोधून." आजीनं ऐकून घेतलं, झालरीचं ऐकून "अगं बाई" म्हणाली, पण बाटली काही पदरातून काढली नाही. "आधी तुमची एक बाटली ठेवा पाण्याची," ती म्हणाली, "माझी ठेवायची तिथंच. गोठली न्हाई तं मंग बघू."

आईनं खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून घेतली, त्यात पाणी भरलं आणि दाराच्या वरच्या कप्प्यात ठेवली. आजी इंजेक्शनला आली की आधी फ्रीजपाशी जायची, ती बाटली काढून कानाजवळ नेऊन हलवायची. पाणी खळखळलं की परत ठेवायची.  मग बर्फाच्या कप्प्यात वाकून बघायची. तिथं पातळ पांढरी साय असायची, तेवढी असतेच.

होळी झाली. ऊन वाढलं. पत्रा तापायला लागला. मी सुट्टी म्हणून घरीच होते आणि रोज आजीच्या आधी मीच ती बाटली हलवून बघायचे. इतकी धास्ती मला परीक्षेच्या निकालाचीही वाटली नव्हती. आई मात्र दुपारी दारात बसून त्या उसवलेल्या दोऱ्याचं काहीतरी विणत होती. विचारलं तर म्हणायची, "उगं, हात रिकामे राहत न्हाईत."

एका सकाळी आजी आली ती नेहमीपेक्षा लवकर. पदराखालून बाटली काढली. आईनं सिरिंज भरली, टोचलं, आजी म्हणाली, "टोचलं का?" आणि मग तिनं बाटली फडक्यात गुंडाळलीच नाही. तशीच हातात धरून उठली.

आईनं तिच्याकडं हात केला. आजी म्हणाली, "मी ठेवते. मला जागा दाव."

आईनं फ्रीजचं दार उघडलं. दाराच्या वरच्या कप्प्याच्या आडव्या पट्टीला एक छोटीशी पांढरी पिशवी बांधलेली होती, बाटली बसेल एवढी, कडेला तीच पानं. मी ती तेव्हाच बघितली. आजीनं पानांवरून अंगठा फिरवला. "हे तेच का?"

"तेच," आई म्हणाली. "आता आतल्या बाजूनं हाय. दारात येत न्हाई."

आजीनं बाटली पिशवीत सोडली. दार लावलं. मग, मी तिला कधी शिकवलं नव्हतं तरी, तिनं ते पुन्हा उघडून पदराचं टोक मधे धरलं, दार लावलं आणि पदर ओढला. पदर सुटेना. तिला दार उघडून तो सोडवून घ्यावा लागला.

"घट्ट हाय," ती म्हणाली. "बराबर हाय." मग माझ्याकडं वळून, "काय गं कालेजवाली, हे लिहून ये तुझ्या पेपरात."

  आजी आपल्या घरी गेली तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते. आई दारात उभी राहून ती रस्ता ओलांडून आत जाईपर्यंत बघत होती, आणि मी आईकडं बघत होते.